समैस्माहून आणलेली रायफल

अबूबकरभाई आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. दोहाच्या अल मुंतझा भागातल्या या जुन्या बिल्डिंगमध्ये मराठी बोलणारी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं. ते रायगडातले, म्हसळ्याच्या बाजूचे. आम्ही नाशिकचे. माझा नवरा शशिकांत इथे एका कंपनीत इंजिनियर आहे. आम्ही नवीन राहायला आलो त्याच आठवड्यात आमचा गिझर फुटला आणि पाणी जिन्यावरून खाली धावायला लागलं. मी दारात उभी राहून रडकुंडीला आले होते. वरून एक बुटके, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ लुंगी खोचत आले, मेन कॉक बंद केला आणि म्हणाले, "ताई, घाबरू नका. पाणीच हाय, आग नाय." मागोमाग त्यांच्या पत्नी जैतूनभाभी जुनी फडकी घेऊन आल्या. तेव्हापासूनची आमची ओळख.

असा माणूस कशाला भीत असेल असं वाटणार नाही. वीसेक वर्षं ते दोहाच्या रस्त्यांवर गाडी चालवतायत. मागून दिवे मारत अंगावर येणाऱ्या लँडक्रूझरला ते शांतपणे वाट देतात, शिवीसुद्धा देत नाहीत. पण मोठा आवाज त्यांना सोसत नाही. राष्ट्रीय दिनाला समुद्रकाठच्या कॉर्निशवर आतषबाजी सुरू झाली की ते बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसतात. एकदा आमच्याकडे वाढदिवसाला फुगा फुटला, तर त्यांच्या हातातली बशी खाली पडली आणि त्यानंतर बराच वेळ ते भिंतीला टेकून उभे होते. आम्ही हसलो नाही. त्यांचा चेहराच तसा झाला होता.

ते ज्या घरी ड्रायव्हर आहेत ते कतरी कुटुंब अल हिलालमध्ये राहतं. मालकांचं नाव यूसुफ, पण कामाची सगळी माणसं त्यांना बाबा म्हणतात. त्यांची बायको वारली, मुलगे वेगळे राहायला गेले, मग स्वतः बाबांना अर्धांगाचा झटका आला. आता घरात चाकाच्या खुर्चीतले ते आणि धाकटी मुलगी लुलवा. अबूबकरभाई कामाला लागले तेव्हा लुलवा नुकती शाळेत जायला लागली होती. मागच्या सीटवर झोपून गेलेल्या त्या मुलीला उचलून आत नेण्यापासून त्यांनी तिला पाहिलंय. ती त्यांना 'अम्मो' म्हणते, म्हणजे काका. ते तिला 'बिन्ती' म्हणतात, म्हणजे लेक. दोघं बोलतात अरबीत. आज ती गॅस कंपनीत इंजिनियर आहे, स्वतःची गाडी चालवते, तरी शुक्रवारी कुठे लांब जायचं असलं की तिला अम्मोच लागतात.

लुलवाला नेमबाजीचा नाद. कॉलेजपासून ती रेंजवर जायची, पॉइंट टू-टूची लहान रायफल चालवायची. तिचं काडतूस बोटाच्या पेराएवढं, आवाजही बेताचा. तरी अबूबकरभाई पार्किंगच्या पार टोकाला गाडी लावून, काचा वर करून बसायचे. मग तिला पुढची पायरी चढावीशी वाटली. मोठ्या काडतुसाची, सेंटरफायर म्हणतात ती रायफल हवी झाली. आणि तीही साधी नाही, खाली दांडा असलेली, लिव्हर-ॲक्शन.

"अशीच का?" त्यांनी गाडी चालवता चालवता विचारलं होतं.

"मी डावखुरी ना, अम्मो. बाकीच्या रायफलींचा बोल्ट उजव्या बाजूला असतो. दर गोळीला मला हात पलीकडे न्यावा लागतो. हिला खाली कडी असते. बोटं घालायची, खाली ढकलायची, वर घ्यायची. डावा हात काय, उजवा काय."

"आणि नवी का नाही घेत?"

"इथे नवी मिळायला किती थांबावं लागेल कोण जाणे. समैस्माला एक जासिम म्हणून आहेत, बाबांच्या ओळखीचे. त्यांचा खांदा गेलाय, त्यांना आता ती पेलत नाही. परवाना, नावावर करण्याची परवानगी, सगळं झालंय. शुक्रवारी बघायला जायचं, बरी वाटली तर घेऊन यायची. बाबा म्हणाले, अबूबकरला बरोबर ने."

"मी काय करू तिथे?"

"गाहवा, त्यांची ती कडू कॉफी प्यायची. खजूर खायचे."

त्या आठवड्यात जैतूनभाभी मला म्हणाल्या होत्या की हे नीट जेवत नाहीत. अबूबकरभाईंनी नंतर कबूल केलं, "ताई, शुक्रवारी मना ताप यावा असं वाटत होतं."

ताप आला नाही. जुम्म्याच्या नमाजानंतर दोघं समैस्माला गेले. जासिमचं घर समुद्राच्या जवळ, पुढे मोठी मजलिस, म्हणजे पाहुण्यांना बसायची खोली. अबूबकरभाई म्हणाले, मी गाडीतच बसतो. पण म्हातारे जासिम स्वतः काठी टेकत बाहेर आले आणि त्यांचा हात धरून त्यांना आत घेऊन गेले. पाहुणा उन्हात बसतो म्हणजे काय! अबूबकरभाई दाराला लागूनच बसले, चपला हाताशी येतील असे.

रायफल हिरव्या फडक्यात गुंडाळलेली होती. लाकडी दस्ता, जागोजाग हाताच्या घामाने काळा झालेला. खाली लोखंडी कडी. अबूबकरभाईंनी एकदाच तिच्याकडे पाहिलं आणि मग गालिच्याच्या नक्षीकडे बघत राहिले.

लुलवा वाचून, विचारून आली होती. तिने मोबाईलच्या उजेडात नळीतून पाहिलं, आतल्या धारा झिजलेल्या नव्हत्या. दस्त्याला मुठीपाशी चीर आहे का ते बोटाने चाचपलं. स्क्रूंची डोकी कोणी उगाच पिळून खराब केलीत का ते पाहिलं. दांडा ढिला आहे का ते हलवून पाहिलं. म्हातारे खूश झाले. "मुलगी शिकून आलीय," ते अबूबकरभाईंना म्हणाले. अबूबकरभाईंनी मान हलवली. 

"भरलेली नाही ना?" लुलवाने विचारलं.

"कित्येक वर्षं कपाटात पडलीय. बघ." जासिमनी दांडा खाली-वर केला. खट्, खट्. पुन्हा केला. पुन्हा केला. काही बाहेर आलं नाही. "खलास. रिकामी आहे."

लुलवाने गोळी बसते त्या जागेत करंगळी घालून पाहिली. तिथे काही नव्हतं. पण या जातीच्या रायफलीत काडतुसं एकामागे एक, मुख्य नळीखालच्या बारीक नळकांड्यात झोपलेली असतात आणि आतली स्प्रिंग त्यांना मागे ढकलते. त्या नळकांड्यातही डोकावून बघायचं असतं. लुलवाची आधीची रायफल वेगळ्या बनावटीची, आणि म्हाताऱ्यांचा आपल्या कपाटावर विश्वास. नळकांड्यात जुनं तेल डिंकासारखं घट्ट झालं होतं आणि त्यात एक काडतूस चिकटून बसलं होतं. त्या खोलीत हे कोणालाच माहीत नव्हतं.

दांड्याच्या त्या खट् खट् आवाजासरशी अबूबकरभाईंनी चपला आणखी जवळ ओढल्या होत्या. त्यांच्या या भीतीचं कारण जैतूनभाभींनी मला सांगितलं होतं. त्यांच्या लहानपणी गावात भाताला रानडुकरांचा उपद्रव असे. माणसं हाका घालून डुकरं उठवायची आणि दोघं-तिघं ठासणीच्या बंदुका घेऊन दबा धरून बसायची. एका सकाळी करवंदीच्या जाळीत काहीतरी हललं. अबूबकरभाईंच्या वडिलांनी बार काढला. जाळीत डुक्कर नव्हतं, त्यांचा सख्खा धाकटा भाऊ होता. त्याला घोंगडीत घालून घरी आणलं तेव्हा अबूबकरभाई ओट्यावर उभे होते. वडील त्यानंतर खूप वर्षं जगले, पण मशिदीत सगळ्यांत मागच्या ओळीत उभे राहायचे आणि लग्नाकार्यात जेवायला बसत नसत.

व्यवहार झाला. म्हाताऱ्यांनी रायफल तिच्या पेटीत घातली, लुलवाने ती डिकीत ठेवली.

"बिन्ती, आधी ही दुरुस्तीवाल्याला दाखव," अबूबकरभाई गाडी काढताना म्हणाले.

"आज त्यांची सुट्टी. उद्या रेंजवर नेऊन दाखवते."

"मग आज गाडीतच राहू दे."

"गाडीत ठेवायची नसते, अम्मो. घरी कपाटात, कुलपात ठेवायची. आणि बाबांना बघायचीय. ते सकाळपासून वाट बघतायत."

समैस्मातून बाहेर पडेपर्यंत गल्लीगल्लीत गतिरोधक. अबूबकरभाई प्रत्येकावरून गाडी जवळजवळ थांबवून न्यायचे, तरी मागे पेटी हलकेच आपटायची आणि तो आपटा त्यांना मानेत जाणवायचा. हायवेला लागल्यावर एक पोलीस गाडी बराच वेळ मागे राहिली. लुलवाकडे सगळे परवाने होते, भिण्यासारखं काही नव्हतं. तरी ते पुन्हा पुन्हा आरशात बघत राहिले. त्यांना वाटत होतं, आपण मागे कोणातरी माणसाला घेऊन चाललोय, जो अजून एक शब्द बोललेला नाही. लुलवा फोनवर मैत्रिणीला सांगत होती की उद्या ये, दाखवते. तिच्या आवाजातला आनंद ऐकून त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि भीती काही कमी झाली नाही.

अल हिलालला पोचले तेव्हा असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज होऊन गेली होती. बाबा मजलिसमध्ये खुर्चीत बसले होते, गुडघ्यांवर शाल. त्यांचं तोंड एका बाजूने पडलंय, शब्द जड येतात, पण डोळे लहान मुलासारखे झाले होते. लुलवाने पेटी उघडली. अबूबकरभाई बाबांच्या औषधाची गोळी आणि पाणी घेऊन आले होते. ते ग्लास ठेवून निघणारच होते, पण बाबा म्हणाले, "थांब. तूही बघ."

ते बाबांच्या खुर्चीमागे उभे राहिले.

लुलवाने रायफल डाव्या खांद्याशी धरली. नळीचं तोंड वर, कोपऱ्यातल्या छताकडे. हे तिला रेंजवर पहिल्याच दिवशी शिकवलेलं, भरलेली असो वा रिकामी, नळी माणसाकडे करायची नाही. "हे बघा बाबा, किती मऊ चालतं," ती म्हणाली आणि बाबांकडे बघत तिने दांडा खाली ढकलून वर घेतला.

आवाज वेगळा आला. समैस्माला खट् खट् आला होता, आता मध्ये काहीतरी सरकल्यासारखं झालं. अबूबकरभाईंना ते कळलं की नाही ते त्यांनाही सांगता येत नाही. "कानाला लागलं, पण तोंडातून शब्द फुटला नाय," ते मला म्हणाले.

गाडीच्या धक्क्यांनी ते चिकटलेलं काडतूस सुटलं होतं. दांड्यासरशी ते वर आलं आणि नळीत जाऊन बसलं. लुलवाचं लक्ष वडिलांच्या चेहऱ्याकडे. मागचा घोडा उठलेला होता, तो आता अलगद खाली बसवायचा म्हणून तिने त्याच्यावर अंगठा ठेवला आणि चाप दाबला. जुन्या घोड्याचं टोक गुळगुळीत झालेलं. अंगठा सटकला.

बंद खोलीतला तो आवाज आपल्याला ऐकू आलाच नाही, असं अबूबकरभाई म्हणतात. त्यांना फक्त उजेड दिसला आणि कान बंद झाले. वरून पांढरा चुरा पडायला लागला. छताचा कोपरा फुटून त्यात काळं भोक पडलं होतं. बाबांच्या शालीवर, त्यांच्या पांढऱ्या केसांवर चुना पसरला होता आणि बाबा हलत नव्हते.

त्या क्षणाबद्दल ते आजही एका दमात सांगू शकत नाहीत. त्यांनी बाबांच्या डोक्यावरून, मानेवरून, छातीवरून हात फिरवला. रक्त शोधत होते. रक्त नव्हतं. बाबांनी त्यांचं मनगट धरलं आणि चालत्या हाताने लुलवाकडे बोट केलं.

लुलवा उभी होती तशीच होती. रायफल अजून वर धरलेली, डोळे उघडे, तोंड उघडं, पण ती कोणाकडेच बघत नव्हती. असा चेहरा अबूबकरभाईंनी आयुष्यात आणखी एकदाच पाहिला होता. ते चालत तिच्याजवळ गेले. जिला बघायलाही ते भीत होते त्या रायफलीखाली त्यांनी हात घातला. ती गरम होती.

"बिन्ती. सोड. मी धरलीय. सोड."

तिने सोडली. त्यांनी ती तोंड भिंतीकडे करून गालिच्यावर ठेवली. मग तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून बाबांकडे वळवला. "बघ. बाबा बसलेत. बघ, मी उभा आहे. कोणाला लागलं नाही. तुझ्या हातून कोणी मेलं नाही. ऐकतेस? कोणी मेलं नाही."

त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून ते ओरडत होते. ते आधी कधी त्या घरात ओरडले नव्हते.

मग ती खाली बसली आणि थरथरायला लागली.

शेजारच्याच बंगल्यात बाबांचे भाऊ सालेम राहतात. ते आवाज ऐकून धावत आले. माणूस वाईट नाही, अबूबकरभाईंनी मला हे दोनदा सांगितलं. पण घाबरलेला माणूस आधी आपल्या घरच्याला झाकतो. छताचं भोक, रायफल, पुतणी, सगळं एका नजरेत पाहून ते म्हणाले, "पोलिसांना कळवावंच लागेल, अर्ध्या गल्लीने ऐकलंय. पण लुलवाचं नाव नको. परवाना जाईल, नोकरीत बोभाटा होईल." मग ते अबूबकरभाईंकडे वळले. "पेटी तू आत आणत होतास. हातातून पडली, आणि उडाली. एवढंच. अपघात आहे, तुला काही होणार नाही. मी बघतो."

अबूबकरभाईंच्या डोळ्यांपुढे सगळं एकदम आलं. परदेशी माणूस, हातात बंदूक. कोठडी, मग विमान. वरच्या मजल्यावरची जैतूनभाभी. मुलगी माहनूर रत्नागिरीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. आणि दुसऱ्या बाजूला जमिनीवर बसलेली लुलवा, जिला त्यांनी झोपलेली असताना खांद्यावरून आत नेलं होतं. ते म्हणाले, "ताई, मी हो म्हणायला तोंड उघडलं होतं. भीतीने नाय. तिच्यासाठी."

पण हो बाहेर पडलं नाही. "नाही," ते म्हणाले. "मला भीती वाटते, सालेम. माझे पाय बघा, कापतायत. पण हे नको. माझ्यासाठी नको म्हणत नाही. हिच्यासाठी नको."

सालेम चिडले. काहीतरी बोलणार तोवर लुलवा जमिनीवरून उठली. तिच्या ओढणीवर चुना होता. तिने फोन घेतला आणि स्वतः पोलिसांना लावला. "रायफल माझ्या हातात होती," ती म्हणाली. तेच वाक्य तिने दोनदा सांगितलं. बाबा जड जिभेने एवढंच म्हणाले, "बरोबर."

जैतूनभाभींना फोन आला तेव्हा मगरीबची, सूर्यास्ताची अजान होत होती. त्या आमच्याकडे खाली आल्या त्या एका पायात त्यांची चप्पल, दुसऱ्या पायात नवऱ्याची. "त्यांना पोलीस स्टेशनात नेलाय. जबाब द्यायला. बंदूक उडाली म्हणतात. बंदूक! या माणसाच्या हाताशी बंदूक कुठून आली?"

शशिकांत लगेच गाडी घेऊन गेला. मी भाभींना खुर्चीवर बसवलं. त्यांनी पाण्याचा ग्लास धरला, पण प्यायल्या नाहीत. जिन्यात कोणाची पावलं वाजली की त्या उठायच्या. भाभींच्या शेजारचे केरळी गृहस्थ किराणा घेऊन वर गेले, तेव्हाही उठल्या. "आपलं काय, आज हाव, उद्या घरी धाडतील," त्या म्हणाल्या.  इथे आम्ही सगळेच तसे आहोत, ते मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा ओळखलं.

जेवणाच्या वेळेला दोघं परत आले. अबूबकरभाईंच्या दाढीत अजून पांढरा चुरा होता. तिथल्या अधिकाऱ्याने त्यांना पाणी दिलं, हिंदी जाणणारा दुभाषी बसवला, आणि काय पाहिलं ते क्रमाने विचारलं. त्यांनी क्रमाने सांगितलं. बाहेरच्या बाकावर सालेम बसले होते, आणि ते आत काय सांगून आलेत हे अबूबकरभाईंना माहीत नव्हतं. सगळ्यांत जास्त भीती त्यांना त्या बाकासमोरून जाताना वाटली. पण लुलवाने जे घडलं तेच सांगितलं होतं, एक शब्द इकडेतिकडे नाही. अबूबकरभाईंना घरी जायला सांगितलं.

भाभींनी त्यांना मारायला हात उचलला आणि तोच हात त्यांच्या छातीवर ठेवून त्या रडल्या.

त्यानंतरचे काही आठवडे वाईट गेले. फोन वाजला की अबूबकरभाई आधी नंबर बघायचे. त्यांच्या उजव्या कानात सतत शिट्टीसारखा आवाज यायचा. रायफल जप्त झाली, लुलवाचा परवाना चौकशी संपेपर्यंत थांबवला गेला. तपासणाऱ्या कारागिराने नळकांडं उघडून आतलं घट्ट तेल दाखवलं, तेव्हा सगळ्यांना कळलं काय झालं होतं ते. म्हातारे जासिम बाबांच्या भेटीला आले आणि बाबांच्या खुर्चीला धरून लहान मुलासारखे रडले.

एका शुक्रवारी लुलवा आमच्या बिल्डिंगमध्ये आली. लिफ्ट बंद होती, तर काळ्या अबायात जिना चढून आली. भाभींनी तांदळाची सांदणं केली होती, मलाही वर बोलावलं होतं. ती जमिनीवरच बसली. सांदणाचा तुकडा हातात घेऊन ती म्हणाली, "अम्मो, मी ती विकून टाकणार. चौकशी संपली की लगेच. मला रोज तेच दिसतं. नळी थोडी खाली असती तर?"

अबूबकरभाईंनी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. मग त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. भाभींनी मला सांगितली होती तीच, करवंदीच्या जाळीची. पण ती तिथे संपली नाही.

"पोलीस आले तेव्हा गावाने ठरवलं," ते अरबीत सांगत होते आणि मध्ये मध्ये आमच्यासाठी मराठीत. "माझा बाप तुरुंगात गेला तर दोन घरं बसतील. म्हणून सांगितलं, काकाची स्वतःचीच बंदूक उडाली. सगळ्यांनी एकच सांगितलं. बाप वाचला, एक दिवस आत गेला नाही. पण काकीलाही तेच सांगितलं होतं. ती आमच्या शेजारी राहायची. ताजी मासळी आली की पहिली ताटली माझ्या बापाला आणून द्यायची, आपला मोठा दीर म्हणून. बाप ती ताटली घ्यायचा. तिला माफ कर म्हणायचं तर आधी सांगावं लागलं असतं. ते मरेपर्यंत जमलं नाही. मी मोठा झालो तेव्हा मला कळलं, तो बंदुकीला भीत नव्हता. तो त्या ताटलीला भीत होता."

भाभी त्यांच्याकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांत हा भाग त्यांनी ऐकला नव्हता.

"तू सांगितलंस," अबूबकरभाई लुलवाला म्हणाले. "तू पहिल्या तासात सांगितलंस. तुला कोणाच्या ताटलीला भ्यावं लागणार नाही. आता रायफल विक, नाहीतर ठेव. पण हात कापतायत तोवर ठरवू नकोस."

लुलवाने मान खाली घातली आणि ते सांदण खाल्लं. मग आणखी एक मागितलं.

तिने रायफल विकली नाही. चौकशी संपली, तिला ताकीद मिळाली, सुरक्षिततेचं शिक्षण पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागलं. तिने ते खालच्या मानेने घेतलं. कारागिराने नळकांडं धुऊन स्प्रिंग बदलली, घोड्याचं टोक बोट सरकू नये म्हणून खडबडीत करून दिलं. छताचा कोपरा बुजवला गेला. सालेम अबूबकरभाईंशी बरेच दिवस बोलत नव्हते. ईदला त्यांनी गळाभेट घेतली, पण डोळ्यांत पाहिलं नाही.

अबूबकरभाईंची भीती गेली का? नाही. आता तर ते दार आपटलं तरी दचकतात. तरी शुक्रवारी लुलवाला रेंजवर तेच नेतात. पेटीला ते हात लावत नाहीत, ती स्वतः ठेवते. ते पार्किंगच्या टोकाला काचा वर करून, रेडिओ लावून बसतात, आणि तरीही मोठ्या काडतुसाचा आवाज गाडीच्या पत्र्यातून पायांपर्यंत येतो.

मागच्या शुक्रवारी शशिकांत आणि मी सहज त्यांच्याबरोबर गेलो होतो. लुलवा बाहेर आली ती डावा खांदा चोळत, हसत. डिकीपाशी येऊन तिने दांडा खाली पाडला, नळकांड्यात बोट घातलं, टॉर्चने पाहिलं.

"रिकामी आहे, अम्मो."

अबूबकरभाई दोन गाड्या सोडून उभे होते. "बघितलंस?"

"दोनदा."

"अजून एकदा बघ."

तिने पुन्हा पाहिलं. कंटाळली नाही, हसलीही नाही, सावकाश आणि नीट पाहिलं. मग पेटी बंद केली.

"यल्ला, चल," अबूबकरभाई म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. किल्ली लावून त्यांनी आरशातून एकदा डिकीकडे पाहिलं. मग गाडी काढली आणि पार्किंगच्या गतिरोधकावरून ती जवळजवळ थांबवून नेली.